नंदीचं काळं शिंग

नंदीचं शिंग अण्णांच्या बोटांत मोडून आलं. ते त्यांनी उन्हात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे का तुटत असेल, बेटा?"

प्रश्न मला नव्हता. मी चहा घेऊन शेजारीच उभी होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, विचारत होते गोटूला. गोटू हा त्यांनी निवृत्तीनंतर बनवलेला यंत्रमानव. नागपुरातल्या आमच्या गल्लीतलं टाकाऊ प्लास्टिक तो निवडायचा, वितळवायचा आणि त्याची खेळणी करायचा.

"माहीत नाही, अण्णा," गोटू म्हणाला.

"माहीत नाही तर तसं सांगतो. शाबास." अण्णा खूश झाले. लहानपणी मी असं म्हटलं की ते नुसते चष्म्यावरून बघायचे. मी चहा ठेवला आणि आत जाऊन पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठले नाहीत. झोपेतच गेले.

तान्हा पोळा जवळ आला होता. त्या दिवशी आमच्याकडची मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मिरवतात. यंदा जुन्या प्लास्टिकचे नंदी देईन, असं अण्णांनी गल्लीतल्या मुलांना कबूल केलं होतं. शेवटी समोरची शर्वरी विचारायला आलीच.

"मावशी, आमचे नंदी आता नाही होणार का?"

"गोटूला विचार. अण्णांनी सगळं त्यालाच शिकवलंय."

"तू त्याच्यावर चिडून राहिली का?"

मी अण्णांचं स्टूल पुसायला घेतलं. गोटूच बोलला. "नंदी होतील. शिंगं तुटतील."

"पण का?" शर्वरीने विचारलं.

"प्लास्टिकच्या खूप जाती असतात. त्या ओळखायला मी अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टाकतो. प्रत्येक जात तो वेगळ्या तऱ्हेने परत पाठवते."

"आणि शिंगं काळी," मी नकळत म्हणाले. "काळा रंग प्रकाश गिळून टाकतो. परत काहीच येत नाही."

"म्हणून काळं मला ओळखता येत नाही," गोटू म्हणाला. "सगळे काळे तुकडे मी एकत्रच वितळवले."

मी काळ्या तुकड्यांचा डबा ओढला. गल्लीतून काळ्या दोनच वस्तू यायच्या, डब्यांची झाकणं आणि मिठाईचे ट्रे. झाकणांचं प्लास्टिक लवकर वितळतं. त्या आचेवर ट्रेचे कण कडकच राहतात, आणि शिंग नेमकं तिथेच तुटतं. पण तुकडे इतके बारीक होते की झाकण कुठलं आणि ट्रे कुठला, ते मलाही कळेना.

मी बादली भरली. शर्वरीने तुकडे टाकले आणि काठीने ढवळले. काही वर राहिले, काही तळाला गेले.

"झाकणांची घनता (तेवढ्याच जागेत मावणारं वजन) पाण्यापेक्षा कमी, म्हणून ती तरंगतात," मी म्हणाले. "ट्रेची जास्त, म्हणून ते बुडतात. इथे प्रकाश लागत नाही."

तरंगलेले तुकडे वाळवून गोटूने नवं शिंग ओतलं. थंड झाल्यावर शर्वरीने ते जोर लावून वाकवलं. वाकलं, पण तुटलं नाही.

"पाण्याचं अण्णांनी सांगितलं नव्हतं," गोटू म्हणाला. "ते म्हणाले होते, काळ्याचं मंजूला विचारू. तिचं वाचन मोठं आहे."

"मग मला विचारलं का नाही?"

"त्या दिवशी तुम्ही आत वाचत होता. ते म्हणाले, आता नको, तिचा वेळ मोडेल."

शर्वरी म्हणाली, "पुढच्या वर्षी हत्ती करू. काळेच. गोटू, तू बादली भरशील?"

"ताई शिकवतील तर भरेन."

"शिकवेन," मी म्हणाले. मग अण्णांच्या रिकाम्या स्टुलाकडे वळले. शर्वरी ऐकत होती, तरी मोठ्याने बोलले.

"अण्णा, मला या गोटूचा फार हेवा वाटायचा. तुम्ही नुसती हाक मारली असती ना, तर मी पुस्तक तिथेच टाकून आले असते."