ओली चिंधी

माझ्या घरी देव नाहीत, तापमापक मात्र दोन आहेत. वेधशाळेत चौतीस वर्षं पारा वाचला, निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. जुन्या अकोल्यातल्या आमच्या जाळीबंद ओसरीवर दोन्ही टांगलेत. एकाच्या टोकाला मलमलची चिंधी, तिचं शेपूट खालच्या वाटीतल्या पाण्यात. हवेतली ओल त्यावरून कळते. वाटी भरणं आणि दर सोमवारी चिंधी बदलणं माझ्या बायकोकडे, शकुनकडे होतं. मला ते कधीच आठवत नसे.

दुपारी अडीचचा पारा वाचला की आम्ही तिथेच सतरंजीवर दहा मिनिटं गप्प बसायचो. जप नाही, पूजा नाही. पण बसता बसता कडुनिंब, ऊन, शकुन, मी, सगळं एकच व्हायचं आणि ऊर भरून यायचा.

"याले काय म्हणायचं?" मी एकदा विचारलं.

"नाव कायले पायजे? बसा ना गुमान."

जानेवारीत ती गेली. दवाखान्यातलं शेवटचं बोलणंही चिंधीचंच, "सोमवारची चिंधी तुमी विसरसान." त्यानंतर मी रोज बसलो, पण ऊर काही भरून आला नाही. जाताना तेही घेऊन गेली, याचा मला तिच्यावर रागच आला.

"दुवा मांगत जा, भाऊ," शेजारच्या हलीमाबी म्हणाल्या.

"कोणाले मांगू?"

"ते तुमी पाहा. डबा ठेवून राहिली मी."

मे महिन्यात मुलीकडे, अमरावतीला आठ दिवस राहिलो. वाटी भरायची राहिली, हे गाडी बडनेऱ्यात पोचल्यावर आठवलं. सोमवारी परतलो तेव्हा पारा पंचेचाळीसवर होता. ओसरीच्या जाळीला कुलूप तसंच, किल्ली माझ्या खिशात. फरशीवरच्या धुळीत एकही पाऊल नव्हतं.

वाटी काठोकाठ भरलेली होती.

हलीमाबींना विचारलं. "जाळीतून हात जाते काय, भाऊ?" त्या म्हणाल्या. जात नव्हता. मी दोनदा घालून पाहिला.

अडीच वाजले. सतरंजी झटकून बसलो, डोळे मिटले.

आणि ते आलं. कडुनिंब, ऊन, मी. चार महिन्यांनी ऊर भरून आला. मी पोटभर रडलो, पण तिला हाक मारली नाही. नाव द्यायचं नव्हतं.

डोळे उघडले. धुळीत पावलं माझीच होती.

तापमापकाला कोरी चिंधी होती.

जुनी पिळून दोरीवर वाळत घातली होती. अकोल्याच्या मे महिन्यात फडकं पाच मिनिटांत कडक वाळतं. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.