चंद्रीचा पान्हा

मार्गासनीच्या पुढं आमच्या संस्थेचा गोठा आहे. तिथं चंद्री म्हशीच्या शिरेतून आम्ही किरणोत्सारी कार्बन जोडलेलं स्निग्धाम्ल सोडलं. हा कार्बन म्हणजे खूण. ते आम्ल दुधात किती उतरलं, ते मोजयंत्र त्यावरून सांगतं. चंद्रीचं रेडकू जन्मतःच मेलं होतं. तिचं दूध कुणाच्या तोंडी जायचं नव्हतं, सगळं सीलबंद पिंपात.

मला मुळातच म्हशीच्या दुधाची शिसारी. साय दिसली तरी मी पेला बाजूला सारते. म्हशीला मी हातही लावत नव्हते. रतनबाई धार काढून नमुना आणायच्या, मी हातमोजे घालून मोजायचे. घरी नसरापूरला चार महिन्यांचा स्वरूप माझ्या दुधावर होता.

पहिल्या दिवशी यंत्रावर काहीच नाही. चौथ्या दिवशीही नाही.

"रतनबाई, बाटल्या बदलल्या नाहीत ना?"

"न्हाई वो ताई, म्या सोताच्या हातानं पिळलंय." त्यांनी नमुन्याची बाटली माझ्यापुढं ठेवली. "पर ती हितं पान्हवतच न्हाई. कासंला हात लावला की नसरापूरच्या वाटंकडं बघत ऱ्हाती."

मी हसण्यावारी नेलं. यंत्रच बिघडलं असणार. तुलनेसाठी खूण नसलेलं दुसरं कुठलंही दूध चाललं असतं. स्वरूपसाठी काढून ठेवलेलं माझंच जवळ होतं, त्यातले चार थेंब घातले.

आकडा चढत गेला. चंद्रीच्या दुधात जेवढा यायला हवा होता, बरोबर तेवढा. तीनदा मोजलं. मग बाटली नाकाशी नेली. शेण आणि आंबलेली पेंड. मी बेसिनवर भडाभडा ओकले.

चार दिवस माझं पोर हे पीत होतं.

त्याला अंगावर घेणं बंद केलं. स्वतःच्याच अंगाची किळस यायची. छाती दगडासारखी व्हायची, तेव्हा डोळे मिटून मोरीत पिळायचे. बाटलीचं दूध तो तोंडात घेईना. सासूबाई रडून म्हणाल्या, "अगं, उपाशी मारशील त्याला!"

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. वजन तीनशे ग्रॅमनी वाढलं होतं.

आज दुपारी खोलीला आतून कडी लावून त्याच्याजवळच बसले. पाच मिनिटं डोळा लागला असेल.

कडी तशीच होती. स्वरूप गाढ झोपला होता. ओठांवर दुधाचा फेस.

टाळूवरचं जावळ ओलंचिंब होतं, कुणी खालून वर चाटल्यासारखं.