चादरीतून कापलेली चार अक्षरं

बायको, इंद्रायणी, गेल्याचं सुबोधला कळलं तेव्हा तो सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर बसून होता. घरी जाऊन अंघोळ उरकून, धुतलेला टॉवेल आणि तिचा चष्मा पिशवीत घालून तो दवाखान्याकडे परत निघाला होता. फोनवर तिकडची मुलगी एवढंच म्हणाली, "पंचाक्षरी ना? तुम्ही या लवकर." पुढचं तिच्या आवाजातच होतं. सिग्नल सुटला, परत लागला, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला, तरी स्कूटर जागची हलली नाही.

खोलीत केराबाई दाराशी उभी होती. इंद्रायणीजवळ बसायला ठेवलेली ही आया मंद्रूपची, हाडानं मोठी, बोलायला मोकळी. आज ती पदरानं नाक पुसत होती. तिनं त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. आत हिरव्या बांगड्या आणि कापडाची चार इंग्रजी अक्षरं.

"बाईंनी शेवटाला ही छातीवर मांडली हुती साहेब. माझ्याकडं बघून बोटानं ठोकून दावत हुत्या. मला कुटलं इंग्रजी? मी म्हनलं, थांबा बाई, साहेब येतील, वाचतील. तवर..."

"कशी मांडली होती?"

"कशी म्हंजे?"

"कुठलं आधी, कुठलं नंतर?"

केराबाईनं पलंगाकडे बोट दाखवलं. "चादर बदलायची हुती की. मी गोळा केली."

ती अक्षरं इंद्रायणीनंच केलेली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. सोलापुरी चादरींची कापडं आणून तिनं अक्षरं कापली, आत पुठ्ठा घालून शिवली. "मराठीला काना, मात्रा, वेलांट्या. शिवता शिवता मी म्हातारी होईन," ती म्हणायची. "इंग्रजीचं सव्वीस तुकड्यांत भागतं." वर्गात तिच्या दोन सवयी होत्या. अक्षरं ती नेहमी समोरच्या पोराकडे तोंड करून लावायची. स्वतःच्या बाजूनं उलटी दिसली तरी तिचा हात चुकत नसे. आणि शब्द पुरा लावायचा नाही, एक अक्षर बाजूला ठेवायचं. ते पोरानं उचलून जागेवर ठेवायचं. ठेवलं की "बरोबर!" म्हणून ती सगळी अक्षरं गोळा करून पिशवीत टाकायची.

मेंदूत रक्तस्राव झाला, घशात नळी बसली, उजवा हात गेला, तेव्हा सुबोधनं तीच पिशवी दवाखान्यात नेली. डाव्या हातानं ती छोटे छोटे शब्द लावायची. हॉट. पेन, म्हणजे दुखतंय. एकदा त्याची दाढी वाढलेली बघून बॅड.

आता हातात होते एस, टी, ओ आणि पी.

सुबोध अपघात झालेल्या गाड्यांचा विमा सर्व्हेयर. पस्तीस वर्षं रस्त्यावरच्या काचा आणि टायरच्या खुणा बघून, गाडी कुठून आली आणि कशी वळली, हे सांगत आलेला माणूस. आडनाव पंचाक्षरी, म्हणजे भुतं उतरवणारा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला चिडवायचे. त्याचा भुतांवर विश्वास नव्हता. खुणांवर होता.

दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगी भार्गवी पुण्याला परतताना म्हणाली, "बाबा, जुळे सोलापुरात एकटे राहून काय करणार? घर बंद करा आणि माझ्याकडे या. या रविवारी." तो हो म्हणाला. पण आधी त्याला एक गोष्ट कळायला हवी होती. बायकोनं शेवटचं काय सांगितलं, ते न वाचता तिच्या घराला कुलूप कसं लावायचं?

त्यानं जेवणाच्या टेबलावर अक्षरं मांडली. शेजारी तिचा जाड इंग्रजी-मराठी कोश घेतला. पलीकडे तिची खुर्ची.

आधी लावलं पोस्ट. टपाल. खांब. नोकरीची जागा. काही बोध होईना. शब्दाच्या आधी जोडलं तर 'नंतरचा', असंही कोशात होतं. ते वाचून त्यानं पान उलटलं.

मग पॉट्स.

तो ताडकन उठला. कुंड्या! गच्चीवरच्या कुंड्या! ती आजारी पडल्यापासून कुणी घोटभर पाणी घातलं नव्हतं, आणि बाहेर एप्रिलचं सोलापुरी ऊन. झाडं मरतायत हेच सांगत होती ती! चावी घेऊन तो दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला.

मोगरा फुलला होता. तुळस हिरवीगार. त्यानं कुंडीत बोट घातलं. माती गार, ओली. कुंडीखालच्या बशीतून पाणी नुकतंच बाहेर आलं होतं. गच्चीवरचे बाकीचे कोपरे उन्हानं तापून पांढरे पडले होते.

गच्चीची चावी एकच, ती त्याच्याच हातात. नळाला चार दिवसांत पाणी आलेलं नव्हतं. हे सगळं त्यानं नीट तपासलं. खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. पण छातीत काहीतरी नाचत होतं. कित्येक दिवसांनी तो भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टॉप्स लावलं.

इंद्रायणीचे कानातले मोत्याचे टॉप्स होते. त्यातला एक फार पूर्वी गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यातून उतरताना पडला. उरलेला तिनं स्टीलच्या डबीत जपून ठेवला होता. सुबोधनं कपाटातून डबी आणली, झाकण काढलं.

आत दोन होते.

त्यानं भार्गवीला फोन लावला. "तू जाताना आईची डबी बघितली होतीस ना? टॉप्स किती होते?"

"एकच. मी फोटो काढलाय की, सराफाला दाखवून जोड करून घ्यायला. का हो?"

"पाठव फोटो."

फोटोत तीच डबी, तोच लाल कागद, एकच मोती. फोटोतला मोती पिवळा पडलेला होता. डबीतला दुसरा मात्र नवाकोरा होता, आणि त्याच्या फिरकीला थोडी माती लागली होती. सुबोधनं तो टेबलावर ठेवला. टॉप्स फिरकीवर उभा राहिला आणि गरगर फिरायला लागला. त्याला आठवलं, टॉप म्हणजे भोवराही. मोती फिरत राहिला. सुबोधनं चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला. मोती फिरतच होता. शेवटी त्यानं त्यावर वाटी पालथी घातली. आत बारीक आवाज येत राहिला.

"इंदू," तो मोठ्यानं म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्याचा आवाज त्यालाच नवा वाटला.

फोटो मिळाला का विचारायला भार्गवीनं परत फोन केला होता, आणि तो त्यानं नुकताच कानाला लावला होता. "बाबा? कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही. कोडं सोडवतोय."

"आवरायला घेतलं का पण?"

"घेतो."

मग त्यानं स्पॉट लावलं. स्पॉट हा त्याच्या धंद्यातला शब्द. अपघाताची जागा. कोशात डागही होता, ठिपकाही. इंद्रायणी पडली ती जागा स्वयंपाकघरात, ओट्यासमोर. तिथं त्यानं टॉर्च लावून शहाबादी फरशी बघितली. डाग नाही, काही नाही. निराश होऊन त्यानं, निदान फरशी तरी धुवावी म्हणून, साठवणीच्या पिंपातलं बादलीभर पाणी ओतलं.

पाणी सगळीकडे पसरलं. ओट्यासमोर येऊन दुभंगलं, वळसा घालून पुढं गेलं.

दोन जागा कोरड्या राहिल्या. शेजारी शेजारी. टाचा ओट्यापासून लांब, बोटं ओट्याकडे.

त्यानं आणखी पाणी ओतलं. पाणी पुन्हा वळलं. मोजपट्टी आणून त्यानं लांबी घेतली, मग बाहेर जाऊन तिच्या चपलेला पट्टी लावली. माप जुळलं.

तो तिथंच बाजूला, ओल्या फरशीवर बसला. लेंगा भिजला. त्या दोन कोरड्या जागांकडे बघत त्यानं तिला सगळं सांगितलं. कोण कोण भेटायला आलं, कुणी रडलं, कुणी चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं केलं. उठला तेव्हा बाकीची फरशी वाळून गेली होती आणि त्या दोन जागा आता ओल्या दिसत होत्या.

पण शेवटचा शब्द कुठला? चार शब्दांतला की आणखी कुठला? रविवार जवळ येत होता. टेबलावर स्पॉट तसंच ठेवून, दाराला कुलूप लावून सुबोध विजापूर रोडनं मंद्रूपला निघाला.

केराबाई अंगणात मिरच्या निवडत बसली होती. "अगं बाई, साहेब? या की. उनाचं कशापायी आलाव? फोन करायचा न्हाय व्हय?"

"मावशी, ती अक्षरं. जेवढं आठवतंय तेवढं सांगा."

"अजून त्येच?" तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "लई मनाला लावून घेतलंय तुमी."

"तुम्ही कुठं बसला होता?"

"पायाकडं. पाय दाबीत हुते की बाईंचं."

"म्हणजे तोंड तिच्याकडे. बरं. तुमच्या डाव्या हाताला कुठलं अक्षर होतं?"

केराबाईनं डोळे मिटले. हातातली मिरची तशीच राहिली. "सापावानी. वाकडंतिकडं."

एस. सुबोध पुढं सरकला. "आणि उजव्या टोकाला?"

"काठी. काठीला वर फुगा बांदल्यागत."

"फुगा वरच होता? नीट आठवा मावशी. खाली नव्हता?"

"वर. वर म्हंजे वरच. जत्रंतला फुगा खाली असतोय व्हय?" ती हसली आणि मग त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं साहेब?"

फुगा वर होता, म्हणजे पी सरळ होता. म्हणजे अक्षरं इंद्रायणीनं स्वतःसाठी लावली नव्हती. पायाकडे बसलेल्या बाईकडे तोंड करून लावली होती, वर्गात पोराकडे करायची तशी. आधी एस, शेवटी पी. असा एकच शब्द होता, आणि तो त्यानं अजून लावलाच नव्हता.

"स्टॉप," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"थांब."

केराबाईच्या मांडीवरचं सूप खाली सरकलं. "मग मी बी त्येच म्हनत हुते की त्यास्नी," ती हळूच म्हणाली. "थांबा बाई, थांबा बाई."

परतताना सुबोध स्कूटरवर एकटाच मोठमोठ्यानं बोलत होता. थांब! सापडलं! पण थांब म्हणजे काय? कोशात बंद करणे असेल, आणि मुक्काम करणेही असेल. हे सगळं आता पुरे, असं म्हणाली? की जाऊ नकोस, इथंच थांब, असं? की मी थांबते? पहिल्या दिवशी त्यानं टेबलावर पॉट्स लावलं होतं. ते पलीकडच्या खुर्चीवरून, उलट्या टोकानं, काय वाचलं जात असेल, हे त्याला निम्म्या वाटेत सुचलं आणि त्यानं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. पी, ओ, टी, एस तिकडून वाचलं की एस, टी, ओ, पी.

त्यानं तिला पहिल्याच दिवशी थांब म्हटलं होतं.

घर बाहेरून होतं तसंच होतं. कुलूप जागेवर. आत मोगऱ्याचा वास.

टेबलावर स्पॉट नव्हतं.

टी, ओ आणि पी ओळीत होते, त्याच्या खुर्चीकडे तोंड करून. टीच्या आधी एका अक्षराची जागा मोकळी सोडली होती.

एस पलीकडे होता, तिच्या बाजूला, टेबलाच्या कडेवर.

तिची खुर्ची बाहेर ओढलेली होती.

सुबोध आपल्या खुर्चीवर बसला. हात पुढं केला. एस हाताच्या टप्प्यात होता. तेवढा उचलायचा आणि मोकळ्या जागेत ठेवायचा. पोरं ठेवायची तसा. मग बाई म्हणायच्या, बरोबर. आणि मग सगळी अक्षरं गोळा करायच्या.

त्यानं हात मागं घेतला.

पालथ्या वाटीखालचा आवाज बंद झाला होता.

फोन वाजला. "बाबा, रविवारचं तिकीट काढतेय. सकाळची गाडी चालेल ना?"

"थांब," तो म्हणाला.

पलीकडची खुर्ची फरशीवर किंचित करकरली, कुणी नीट सावरून बसावं तशी.

"थांब म्हणजे? किती दिवस?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. "एक अक्षर राहिलंय," तो म्हणाला.

सुबोध अजून जुळे सोलापुरातच आहे. कुंड्यांना त्याला पाणी घालावं लागत नाही. जेवताना तो ताट टेबलाच्या कडेला घेतो, अक्षरांना धक्का लागू नये म्हणून. एस अजून पलीकडेच आहे. तो ठेवायचा राहिला आहे.