समोरून भरून आलेला डबा

जेद्दाच्या अल अझीझियात ऑक्टोबर लागला आणि पारा एक्केचाळीसवरून एकोणचाळीसवर आला. इथली माणसं याला ऋतू बदलला म्हणतात, आणि म्हणताना रुमालानं मान पुसतात.

रुमानाचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. पण तिच्या नऊ वर्षांच्या सुहानाला शाळेत ‘आमच्या घरातला ऑटम’ असा प्रोजेक्ट मिळाला होता. पुस्तकातल्या घरात तांबडी पानं होती, धुकं होतं, खिडकीत गार करायला ठेवलेला भोपळ्याचा केक होता. यांच्या खिडकीत एसीचं खोकं होतं आणि खोक्यावर अंडी उबवणारं कबुतर.

“मम्मा, आपला ऑटम कुठे आहे?” सुहानानं अशा सुरात विचारलं, की जणू रुमाना तो कपाटात ठेवून विसरली होती.

“बाणकोटला राहिला,” बाप म्हणाला. “पुढच्या सुट्टीत बॅगेत जागा ठेवू.” शारीक दिवसभर एका गोदामात खोकी मोजायचा. हसू येईल असं तिथं काहीच नसल्यामुळे सगळा साठा तो घरी आणायचा.

रुमानानं मात्र मनावर घेतलं. लाल भोपळा उकडला, दालचिनी कुटली, जायफळ किसलं, एसी सोळावर नेला. शारीक मफलर गुंडाळून ओव्हनसमोर स्टूल टाकून बसला आणि शेकोटी असल्यासारखे हात पुढे करून राहिला. केक फुगला. बाहेर रस्ता भाजत होता आणि आत तिघंजण पांघरूण घेऊन गरम केक खात होते. सुहाना इतकी खूश झाली, की तिनं न सांगता बशी विसळली.

रुमानाच्या माहेरी दोन नियम होते. घरात काही गोड भाजलं की पहिला वाटा शेजारी जायचा. आणि शेजारून भांडं कधी रिकामं परत यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी यायची. तिनं वाटा घातला तो डबाही माहेरचाच होता. स्टीलचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: ‘रुमाना हिला मामूकडून सप्रेम भेट’. कोकणात भांडं भेट दिलं की असं कोरून देतात, म्हणजे कुणी दिलं आणि कुणाचं झालं यावर पुढे वाद नको.

समोरच्या नऊ नंबरात कोण राहतं हे तिला ठाऊक नव्हतं. दारापाशी कधी चपला दिसत नसत. पण वाटा काही चपला बघून द्यायचा नसतो. तिनं चार तुकडे डब्यात घातले आणि सुहानाला पाठवलं. ती मिनिटभरात परत आली.

“कोण होतं गं?”

“डोअर ओपन होता. आत ठेवला.”

“सलाम केलास ना?”

“केला ना. दे हॅव अ व्हेरी नाइस एसी, मम्मा. आपल्यापेक्षा पण थंड.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, असरच्या नमाजानंतर, डबा उंबऱ्यापाशी होता. भरलेला. आत चकचकीत तपकिरी बिया होत्या, फणसाच्या आठळ्यांच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा. उकडल्यावर गोड लागल्या. शारीकनं आठ खाल्ल्या. “लेबनीज असणार,” तो म्हणाला. “माणसं चांगली दिसतात.” आठळ्यांवरून देश ओळखायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

आता डबा भरलेला आला म्हटल्यावर तो नुसता ठेवून घेणंही बरं दिसेना. रुमानानं सफरचंद-दालचिनीचे रोल केले. सुहाना डबा घेऊन गेली. यावेळी तिला पाच मिनिटं लागली.

डबा परत आला तेव्हा आत पानं होती. तांबडी, पाच बोटांची, ओली. जेद्दात कडुनिंब आहे, खजूर आहे, पण लाल होणारं झाड रुमानानं इथं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं एक पान हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. फ्रीजमधून काढावं तसं गार होतं.

सुहानानं ती प्रोजेक्टच्या वहीत चिकटवली. टीचरनं ‘व्हेरी रिअलिस्टिक’ असा शेरा दिला. चार दिवस झाले तरी पानं वाळली नाहीत. वहीची पुढची पानं ओली होऊन चिकटली.

“ऑनलाइन मागवत असतील,” शारीक म्हणाला. “इथं लोक बर्फसुद्धा मागवतात.” पण त्यानं वही उघडून पुन्हा बंद केली आणि हात शर्टाला पुसला.

रुमानानं खजूर-अक्रोडाचा केक भाजला. का भाजला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पलीकडून आलं होतं, म्हणजे इकडून जायला हवं होतं, एवढंच. सुहाना डबा घेऊन गेली, आणि तेवढ्यात बाणकोटहून अम्मीचा, खैरुन्निसाचा, फोन आला. रुमानानं हसत हसत सगळी हकीकत सांगितली. अम्मी हसली नाही.

“डबा कुणाच्या हातानं पाठवतेस गो?”

“सुहानाच्या. का?”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“काय नाय. ह्याच्यापुढे तू स्वतः जा. पोरीला देऊ नको.”

“पण का?”

“पोरीला देऊ नको म्हटलं ना,” अम्मी म्हणाली आणि रेंज चांगली असूनही फोन ठेवला.

रुमानानं घड्याळ बघितलं. सुहानाला जाऊन वीस मिनिटं झाली होती. ती दाराकडे धावली, तर सुहाना आतच येत होती. हात मागे बांधलेले, गाल लाल.

“इतका वेळ काय करत होतीस?”

“नथिंग. वेटिंग.”

“कशाची?”

“ते माझं माप घेत होते,” सुहाना म्हणाली आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सगळ्यांना सुट्टी. उंबऱ्यावर डबा नव्हता. एक स्वेटर होता, हातानं विणलेला, राखाडी. सुहानाला तो अगदी मापात बसला. रुमानानं तो तिच्या अंगातून काढला आणि उलटा करून बघितला. बाह्या आत दोन वेळा दुमडल्या होत्या, हलके टाके घालून. तिची अम्मी तिच्या शाळेच्या कपड्यांना असंच करायची. पोर वाढेल तसं उसवायचं. एका दुमडीला एक वर्ष जायचं.

कुणीतरी सुहानाच्या पुढच्या दोन वर्षांचा हिशेब करून ठेवला होता.

रुमाना स्वेटर घेऊन खाली गेली. इमारतीचा राखणदार, म्हणजे हारिस, हुसेनमियाँ. हैदराबादचा म्हातारा माणूस. जिन्याखाली कपडे इस्त्री करत बसला होता.

“नऊ नंबरमें कौन रहता है, चाचा?”

“कौन रहेंगा, बाजी? रमजान से बंद है. बत्ती कटेली, पानी कटेला.”

“दरवाजा खुला रहता है. मेरी बेटी जाती है.”

हुसेनमियाँनं इस्त्री उभी करून ठेवली. “चाबी मेरे पास है,” तो म्हणाला, आणि हे सांगताना त्यानं खिशावर हात ठेवला, की ती आहे ना खरंच.

दार कुलूपबंद होतं. त्यानं उघडलं. शारीक रुमानाच्या मागे उभा राहिला. सुहानाला त्यानं घरात ठेवून बाहेरून कडी लावली होती.

आत उकाडा नव्हता.

फर्निचर नव्हतं, पडदे नव्हते. फरशीवर धुळीचा थर होता. आणि त्या धुळीत पावलं होती, लहान, अनवाणी. आत जाणारी, बाहेर येणारी, पुन्हा आत जाणारी. तीनदा गेलेल्या पोरीची नव्हेत, रोज येणाऱ्याची. दुसऱ्या कुणाचंच पाऊल नव्हतं.

“शाळेतून कधी येते ती?” शारीकनं विचारलं.

“अडीचला.”

“आणि घरात?”

रुमाना आठवू लागली. बस खाली थांबते. मग लिफ्ट. मग बेल. तिनं कधी मिनिटं मोजली नव्हती.

पावलं मागच्या खोलीपर्यंत गेली होती. तिथं मधोमध धूळ पुसली गेली होती, एका पोराला मांडी घालून बसता येईल एवढी.

त्या जागेसमोर आणखी एक जागा तशीच पुसलेली होती. मोठी.

स्वयंपाकघरात ओट्यावर डबा होता. घासून, धुऊन, पालथा घातलेला. खाली पाण्याचं ओघळतं वर्तुळ. हुसेनमियाँनं नळ फिरवला. नळातून हवा आली.

रुमानानं शेजारी ठेवलेलं झाकण उचललं.

मामूंची ओळ होती तशीच होती. तिच्याखाली दुसरी होती, तेवढ्याच ठिपक्यांची, तेवढ्याच नीटस अक्षराची. कोरल्याचा कीस अजून खाचांत चमकत होता.

‘सुहाना. रुमानाकडून सप्रेम भेट.’

शारीकनं ती ओळ दोनदा वाचली.

“मी केक दिला होता,” रुमाना रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. “केक दिला होता मी. ती फक्त घेऊन आली होती.”



तिनं स्वेटर ओट्यावर ठेवला, डबाही तिथंच ठेवला. हुसेनमियाँनं कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. “यल्ला बाजी, निकलो,” तो म्हणाला, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरला.

अर्ध्या तासात त्यांनी दोन बॅगा भरल्या. जुन्या शहरात, बलदला, शारीकचा चुलतभाऊ नौशाद राहायचा. त्याच्याकडे आज राहायचं, पुढचं पुढे बघायचं. सुहाना बूट घालून तयार बसली होती, हट्ट नाही, रडणं नाही. रुमानानं जिनाभर तिचा दंड धरून ठेवला.

दुपारचे तीन वाजले होते. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. शारीकनं स्टिअरिंगला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला. सीट भाजत होती. रुमानाच्या मानेवरून घाम वाहत होता, शारीकचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“थांब, एसी लावतो,” तो म्हणाला. “सुहाना, बेटा, काच खाली कर. फार गरम आहे.”

सुहानानं काच खाली केली नाही. ती मागच्या सीटवर दोन्ही हात काखेत घालून बसली होती.

“मम्मा, लुक,” ती म्हणाली, आणि तोंड उघडून हलकेच ‘हा’ केलं.

तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, क्षणभर तिच्या चेहऱ्यासमोर थांबली आणि विरली.