नाबोरचा अर्धा डाव

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची टिंगल लिहून पोट भरलं. त्यामुळे 'हे खरं घडलंय' असं मी म्हटलं की माणसं आधीच हसायला लागतात.

हसा. पण हे खरं घडलंय.

मेलेली माणसं घरी येतात त्या मृतांच्या सणाच्या आदल्या दुपारी. सिनालोआ प्रांतात, आमच्या गावाबाहेरच्या उलामाच्या मैदानावर. लख्ख उन्हात.

उलामा म्हणजे भरीव रबराचा जड चेंडू कमरेने टोलवायचा. हात लावायचा तो फक्त डाव सुरू करताना. हजारो वर्षांपूर्वी हा खेळ देवासाठी खेळत. शेवटी मुंडकं उडवायचे ते हरणाऱ्याचं की जिंकणाऱ्याचं, यावर विद्वान अजून भांडतात. आमच्याकडे हरणारा बिअर पाजतो. प्रगती म्हणतात ती हीच.

गुणाला आम्ही रेघ म्हणतो. रेघा चढतात तशा उतरतातही, म्हणून डाव लांबतो. अंधार पडला की पंचाने रेघा ध्यानात ठेवायच्या. आणि आमच्या गावाची रीत अशी, की ज्यांनी डाव मांडला त्यांनीच तो संपवायचा. बदली चालत नाही.

त्याच्या काही वर्षं आधी, संत योहानाच्या सणाला तिबुर्सियो आणि त्याचा मुलगा नाबोर समोरासमोर खेळले. पंच मी. नाबोरचा धर्मपिताही मीच, म्हणून तिबुर्सियो आणि त्याची बायको ओबदुलिया दोघंही मला कॉम्पाद्रे म्हणतात. अंधार पडला तेव्हा तिबुर्सियोला जिंकायला एकच रेघ हवी होती.

"उरलेलं आल्यावर, म्हातारबा," नाबोर म्हणाला. "तोवर कंबर शेकून ठेवा."

पहाटे तो कामासाठी उत्तरेला, सीमेपलीकडे निघाला. वाळवंटातून.

सोबतचे पोचले. त्यांनी सांगितलं, पाणी संपलं होतं. तो एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.

त्याचं प्रेत कधी सापडलं नाही.

तिबुर्सियोचं मात्र एकच. "माझ्या पोराने डाव कधी अर्धा टाकला नाही. येईल."

दर वर्षी मृतांच्या सणाला ओबदुलिया घरातल्या वेदीवर झेंडू मांडायची, पण नाबोरचा फोटो तो मांडू देत नसे. हे घडलं त्या वर्षी ती माझ्याकडे आली.

"कॉम्पाद्रे, पंच तुम्ही. त्या हेकटाला सांगा, डाव संपला. फोटोच नसेल तर माझ्या पोराने कुणाच्या घरी यायचं?"

म्हणून मी मैदानावर गेलो.

तिबुर्सियो कमरेला चामडं आवळत होता. रोज दुपारी तो एकटाच येई.

"आलास? तुझं पोट केव्हाच पोचलं."

"पंचाला पोटच लागतं," मी म्हणालो. "ऐक, आज डाव मिटवू. तू चेंडू टाक. परत आला नाही तर रेघ तुझी."

त्याने चामड्याची गाठ पुन्हा आवळली. मग त्याने चेंडू टाकला.

चेंडू टप्पे खात रिकाम्या बाजूला गेला. शेवटच्या रेषेकडे. मी रेघ पुकारायला तोंड उघडलं...

...आणि झाडांवरची किड्यांची किरकिर थांबली.

धप्.

कमरेवर चेंडू बसल्याचा आवाज. तो मी लहानपणापासून ओळखतो.

चेंडू परत आला.

समोर कुणी नव्हतं. धुळीत पावलं नव्हती.

तिबुर्सियोने तो अलगद टोलवला. मुद्दाम सोपा.

धप्... पुन्हा परत.

"बघ, कॉम्पाद्रे! आला की नाही?" तो हसत होता. गालांवरून पाणी वाहत होतं. "ये रे, ये! रात्रभर खेळू!"

किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

मग लक्षात आलं... चेंडू दर वेळी जरा खालून येत होता. जरा हळू. आणि मध्ये एक आवाज. कोरड्या घशातून श्वास ओढल्यासारखा.

तिबुर्सियोचं हसू थांबलं.

"दमलास, बाळा?"

चेंडू कसाबसा सरपटत आला.

तिबुर्सियोला तो सोडून देता आला असता. रेघ उतरली असती, डाव लांबला असता. तो खाली झोपला आणि कमरेने असा टोला मारला, की तरुणपणीही मारला नसेल.

"बस आता, पोरा. बस."

चेंडू रेषेपार जाऊन थांबला. परत आला नाही.

"कॉम्पाद्रे," तो तसाच धुळीत पडून म्हणाला, "पुकार."

मी रेघ पुकारली. डाव संपला.

संध्याकाळी तिबुर्सियोने स्वतःच्या हाताने फोटो वेदीवर ठेवला. ओबदुलियाने शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. सगळेच ठेवतात.

सकाळी ग्लास कोरडा ठाक होता.

"मांजर प्यायली असेल," मी म्हणालो. त्यांच्याकडे मांजर नाही.

तिने पुन्हा भरला. दुपारी पुन्हा कोरडा.

ओबदुलिया आता ग्लास ठेवत नाही. माठ ठेवते. दर सणाला सकाळी ती मला म्हणते, "कॉम्पाद्रे, बघा ना, उरलंय का काही?"

मी बघत नाही.