जाळ्याचं तोंड

जाळं आणि नायलॉनची दोरी घेऊन अनुजा जयसिंगपूरहून परतली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि तिच्या मनात भीती म्हणून कसली नव्हती. होती ती नुसती घाई. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाल्याचं तिला बाजारातच कळलं होतं. देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक पुण्य पदरात पाडायला अंघोळीला धावतात. पण नदीकाठच्या माणसाला त्या बातमीचा दुसराही अर्थ कळतो. आज ना उद्या पाणी आपल्या शिवारात येणार.

अनुजा आणि तिचा नवरा बाळासो यांचं रान नदीपासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांच्या काळापासून ते मिठानं फुटलेलं. ऊस लावला तर गुडघ्याच्या वर येत नसे आणि उन्हाळ्यात जमिनीवर राख पसरावी तसा पांढरा थर धरे. शेवटी दोघांनी त्यातलं एक एकर खोदलं, निघालेल्या मातीचा चौफेर बांध घातला आणि तळ्यात रोहू, कटल्याची बोटभर पिल्लं सोडली. आता ती पिल्लं हातभर झाली होती. सकाळी अनुजा बांधावरून खाद्य टाकायची तेव्हा सगळं तळं उकळल्यासारखं व्हायचं.

पूर असलं तळं फोडत नाही. तो हळूच बांधावरून आत येतो, चार दिवस पाहुण्यासारखा राहतो आणि जाताना सगळं पोटात घालून नेतो. त्यावर इलाज एकच. बांधाच्या कडेनं बांबू रोवायचे आणि पुरुषभर उंचीचं जाळं तळ्याभोवती फिरवायचं. म्हणजे पाणी आरपार जातं, मासा आत राहतो.

सासू चिमणाबाई आणि दोन म्हशी सकाळीच गावातल्या उंचावरच्या शाळेत गेल्या होत्या. वस्ती रिकामी झाली होती. शेजारच्या तळ्याचे मालक आकारामतात्या तेवढे ट्रॅक्टरवर गाठोडी चढवत होते. त्यांच्या तळ्यावर एकही बांबू रोवलेला नव्हता.

"तात्या, जाळं न्हाय लावत?" बाळासोनं विचारलं.

"माझं मी सोडून दिलंय," तात्या म्हणाले. "तुमी लावा. पर दिवस हाय तवर निगा हितनं." आणि ट्रॅक्टर चिखल उडवत निघून गेला.

दुपारभर दोघं राबली. पाऊस थांबत नव्हता, वाढतही नव्हता. एका लयीत, एका सुरात तो पडत होता, आणि थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा झाला. मग इतर आवाज ऐकू यायला लागले. बाळासोची पहार. तळ्यात मध्येच उसळणारा मासा. आणि साडेचारच्या सुमाराला एक नवा आवाज आला, खालच्या अंगाच्या उसातून. कुणीतरी पाचोळ्यावरून पाय ओढत यावं तसा. अनुजानं मान वर करून पाहिलं. उसाच्या सऱ्यांत पाणी शिरलं होतं.

बाळासो पलीकडच्या बाजूला वाळूची पोती टाकून जाळ्याचा तळ दाबत होता. जाळ्याची दोन टोकं नदीकडच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडापाशी एकत्र येत होती. ते जाळ्याचं तोंड. ते खालपासून वरपर्यंत शिवून घेतलं की काम संपलं. अनुजा आतल्या बाजूनं, बांधावर उकिडवी बसून एक टोक ओढत होती. दुसरं टोक वाऱ्यानं हातात येत नव्हतं.

"टोक धरू का, अक्का?"

जाळ्याच्या बाहेर, बांधाच्या उतारावर एक बाई उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, पदर डोक्यावरून दातात धरलेला. घोट्यापर्यंत पाण्यात.

"धरा की," अनुजा म्हणाली. "पर तुमी कुणाकडच्या? वस्ती तर सकाळीच शाळेत गेली."

"वरनं आले. पाण्यासंगं."

पुराच्या दिवसांत माणसं असं बोलतात, त्यामुळे अनुजाला त्याचं काही वाटलं नाही. बाईनं टोक धरलं. धरणं सराईत होतं. अनुजा शिवत गेली, बाई ताण देत गेली. हातभर शिवून झालं. तेव्हा अनुजाच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिचा हात जरा मंदावला. पाऊस तिच्या स्वतःच्या प्लास्टिकच्या खोळेवर ताडताड वाजत होता. लिंबावर, तळ्यावर, पोत्यांवर वाजत होता. समोर दोन हातांवर असलेल्या बाईच्या अंगावर तो वाजत नव्हता. पडत होता, पण वाजत नव्हता.

आणि जाळ्याच्या घरांतून आत आलेली तिची बोटं… दिवसभर धुणं धुतल्यावर बाईमाणसाची बोटं सुरकुततात, तशी. पण पांढरीफटक. नखांभोवतीचं कातडं सैल झालेलं. वास होता तो गाळाचा, तळं उपसल्यावर येतो तसा.

"अक्का," बाई हलकेच म्हणाली, "तोंड शिवू नगासा. माझी दोघं मागं हायती."

"कुठं मागं?"

बाईनं मान वळवली. अनुजानंही पाहिलं. बुडत्या उसाचे शेंडे, त्याच्या पलीकडं तांबडं पाणी, आणि त्याच्या पलीकडंही पाणीच.

"येत्यात. दमल्यात लई. त्यास्नी आत घ्या की… कुठं हुबं ऱ्हायाला जागाच न्हाय."

"बाई, तळ्यात तरी काय हाय? हितंबी पाणीच की."

"हे हुबं पाणी हाय, अक्का. ते वाहतं हाय."

 अनुजानं मोठ्यानं नवऱ्याला हाक मारली. पलीकडून त्याचा आवाज आला, "झालं का शिवून? पाणी बांधाला लागलं बग." तो आवाज इतका रोजचा होता, की तिला धीर आला. तिनं मान खाली घातली आणि दाभण चालवायला सुरुवात केली. घर, दोरी, गाठ. घर, दोरी, गाठ. बाईनं तिला अडवलं नाही. टोक सोडलंही नाही. शेवटपर्यंत ताण देत राहिली. उलट तिनं अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं अनुजाला पुढं कितीदा वाटलं.

वरची शेवटची गाठ मारून तिनं मान वर केली, तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. उतारावरचं पाणी गुडघाभर चढलं होतं आणि त्यावर साधी वळीसुद्धा उठलेली नव्हती.

बाळासो आला तेव्हा तिनं त्याला अडखळत सांगितलं. त्यानं चारी बाजूंना पाहिलं, मग तिच्याकडं.

"दुपारपास्नं पोटात काय न्हाय तुझ्या," तो म्हणाला. "पाण्याकडं लई वेळ बगितलं की दिसतं मानसाला कायबी. चल."

रस्त्याकडच्या अंगाला जाळ्याचा तळ उचलून दोघं बाहेर आली, पोती पुन्हा दाबली आणि रस्त्याला लागली. बाळासो मोटरसायकल सुरू करायला पुढं गेला, आणि अनुजाच्या मागून, तळ्याच्या बाजूनं, दोरी ताणली जावी तसा आवाज आला. ती थांबली. वारा केव्हाच पडला होता.

"दाभण राहिलं," म्हणून ती मागं वळली.

तोंडापाशी येऊन ती उभी राहिली. सगळं उसवावं, असं मनात होतं. मग हातभर झालेले मासे डोळ्यापुढं आले, चार वर्षं डोक्यावरून वाहिलेली खाद्याची पोती आली, नवऱ्याचे सोललेले तळहात आले. तिनं पाण्यात हात घालून कमरेच्या खालच्या दोन गाठी सोडल्या. वीतभर फट पडली. एवढ्यातून गेले तर दोन-चार मासे जातील. जाऊदेत. हे तिनं दयेनं केलं की भीतीनं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नदीकडं पाहायचं टाळून ती पळत सुटली.

त्या रात्री बांध बुडाला. तिसऱ्या दिवशी, पाऊस जरा उघडल्यावर, बाळासो आणि गावातले दोघं गुऱ्हाळाची काहील होडीसारखी पाण्यात घालून तळ्याकडं जाऊन आले. अनुजा शाळेच्या व्हरांड्यात खिचडीचं ताट घेऊन बसली होती. बाळासो ओलाचिंब, पण हसत आला.

"जाळं हुबं हाय गं. एक बांबू न्हाय हलला. तोंडापाशी तेवढ्या दोन गाठी सुटल्या हुत्या. मी बांधून आलो, गच्च."

अनुजाच्या हातातला घास तसाच राहिला.

"तिथं… काय दिसलं?"

"काय दिसायचं? मासं धडका मारत असतील आतनं. सगळं जाळं हलत हुतं, ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत."

"मला घेऊन चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला."

"खुळी का काय?"

सांगावं तर काय सांगावं. सासू शेजारी बसलेली, चार बायका कान देऊन बसलेल्या.  संध्याकाळी पुन्हा पावसानं धरलं, पाण्याला ओढ लागली, आणि काहील बाहेर काढायला सगळ्यांनाच मनाई झाली. पाच दिवस ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून तळ्याच्या दिशेला बघत राहिली. तिथून फक्त लिंबाचा शेंडा दिसत होता.

नवव्या दिवशी पाणी उतरलं. आणखी दोन दिवस कडक ऊन पडलं, तेव्हा दोघं रानात आली. सगळीकडं गाळ, कुजलेल्या उसाचा आंबूस वास आणि माणसाच्या आवाजाचा पत्ता नाही. आकारामतात्या आपल्या बांधावर बसले होते. त्यांच्या तळ्यात एक मासा राहिला नव्हता, पण चेहऱ्यावर त्याचं दुःख नव्हतं. बाळासो पुढं गेला. अनुजा त्यांच्यापाशी थबकली.

तात्यांनी तिच्याकडं न पाहता विचारलं, "तुझ्याकडं आलती?"

अनुजा त्यांच्या शेजारी बांधावर टेकली.

"एकोणीसच्या पुराला माझ्याकडं आलती. मी तिला हाकलली. जाळं गच्च बांधलं, मासं समदं वाचलं." तात्यांनी पायानं गाळ उकरला. "तवापास्नं जाळं न्हाय लावत मी. जाऊ दे मासं. पुरानंतरची झोप तरी लागती." मग ते म्हणाले, "तू उगडं ठेवलंस न्हवं?"

"वीतभर ठेवलं हुतं, तात्या. पर ह्यांनी नंतर…"

"वीतभर," तात्या म्हणाले.  गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वस्तीच्या वाटेला लागले.

तळ्यावर बाळासोनं मूठभर खाद्य टाकलं. पाणी उकळल्यासारखं झालं. सगळं पीक जागेवर होतं. तो तिच्याकडं वळून हसला आणि पलीकडच्या बाजूचं जाळं सोडायला गेला. अनुजा लिंबापाशी आली.

गाळ वाळून जाळं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं, त्यामुळे पाण्यात असताना ते जसं होतं तसंच राहिलं होतं. कमरेच्या उंचीवर त्याला चुण्या पडल्या होत्या. कुणीतरी मुठीत घट्ट धरून आवळावं आणि सोडावं तशा. सगळ्या बाहेरच्या अंगाला ओढलेल्या. दोन जरा मोठ्या, दोन बारक्या, शेजारीशेजारी; जणू बाईच्या दोन्ही मुठी आणि तिच्या दोघांची एकेक. मग हातभर अंतर, आणि पुन्हा दोन मोठ्या, दोन बारक्या. ती बांधावरून चालत गेली. चारी बाजूंना तसंच होतं. आत यायला वाट शोधत कुणीतरी सगळ्या तळ्याला फेरा घातला होता, आणि फेरा पुन्हा लिंबापाशी, तोंडापाशी आला होता.

तिथं नवऱ्यानं मारलेल्या दोन गाठी होत्या, गच्च.

गाठींच्या पुढं बाहेरच्या बाजूला फक्त मोठ्या चुण्या होत्या. बारक्या आतल्या अंगाला ओढलेल्या होत्या. एकाच घराला बाहेरून मोठी मूठ, आतून बारकी. पुढं हातभरावर तसंच. त्याच्या पुढं तसंच. समोरासमोर, जाळ्याच्या दोन बाजूंनी, त्या मुठींनी तळ्याला दुसरा फेरा घातला होता. कदाचित तिसराही. कितीतरी ठिकाणी दोरा झिजून केसासारखा झाला होता.

अनुजा एकेका चुणीला बोट लावत चालत राहिली. उत्तरेच्या कोपऱ्यापाशी, जिथून उतरतं पाणी नदीकडं ओढ घेतं, तिथं बाहेरच्या बाजूची मूठ लांबच लांब ओढली गेली होती. जाळ्याचे दोन-चार दोरे तिथं तुटले होते. त्याच्या पुढं बाहेर काही नव्हतं.

आतल्या मात्र होत्या. बारक्या, दोन-दोन, हातभर अंतरानं, पुढं आणि पुढं.

"काय बगाय लागलीस?" बाळासोनं पलीकडून विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली.

तिनं वाकून शेवटच्या चुणीला हात लावला. बाकीचं सगळं जाळं उन्हानं वाळून कडक झालेलं होतं. ही चुणी ओली होती.