उन्हात टाकलेली गादी

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, हे मला माहीत होतं. कुणी पिशवी टाकतं, कुणी पेपर. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा डोक्यावरची टोपी टाकली होती. पण उशी? पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागली, मी धक्के खात चढले, तर खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर चक्क एक उशी. म्हटलं, बरंच झालं, आणि तिच्यावरच बसले.

"मॅडम, जरा उठता का? ती उशी माझी हाय."

वर बघितलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, आणि मे महिन्याच्या उकाड्यानं त्या टायची पार लाज गेलेली.

"उशी तुमची. जागा एसटीची."

"पण मी खिडकीतून टाकून जागा धरली होती..."

"रुमाल टाकला तर जागा धरली म्हणतात. उशी टाकली म्हणजे काय, बिऱ्हाड केलं?"

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टर म्हणाला, दोघं बसा नाहीतर दोघं उतरा. मी उशी त्याच्या हातात कोंबली आणि अंग चोरून सरकले. तो बसला. रागावला असेल असं वाटलं होतं, पण तो तर ती उशी मांडीवर घेऊन हसत होता.

"यावर हात ठेवा ना एकदा. जोरात दाबा."

"कशाला?"

"ठेवा तर. फुकट हाय."

मी दाबला. हात काढला, तर पंजा तसाच राहिलेला. पाचही बोटं, अंगठीची खूणसुद्धा. मग हळूहळू... सगळं भरून आलं आणि उशी पुन्हा सपाट झाली.

"लक्षात ठेवणारा फोम हा," तो म्हणाला. "बाहेरच्या देशातनं येतो. अंगाचा आकार लक्षात ठेवतो. याची गादी हाय आमच्याकडं, रोह्याजवळ अष्टमी गावातल्या दुकानात. तिला बटण असतं. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. जितेश माझं नाव."

"लक्षात ठेवतो म्हणे. माझा हात तर वडखळ यायच्या आत विसरला."

"तो विसरला," जितेश म्हणाला. "मी नाय विसरणार."

माझे कान तापले. रागानं तापले, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाहेर मिठाचे ढीग बघत बसले. गाडी नागोठण्याच्या दिशेनं लागली तरी त्याचं तोंड काही मिटेना.

"एवढी महाग गादी घेतं कोण?" मी शेवटी विचारलं.

"लग्नाच्या घरात जाते." तो खुशीत आला. "युक्ती हाय त्यात. मुलीकडं जायचंच नाय. मुलाच्या आईला गाठायचं आणि ही उशी दाबायला द्यायची. मग ती आंदणात गादी मागते, आणि मुलीचा बाप काय नाय म्हणू शकत नाय. परवाच एक ठरली. मुलगा रोह्यात कंपनीत हाय, मिथुन. त्याची आई धोंडुबाई, एकदम जोरदार बाई. मुलगी वडखळकडची, मिठागरावर काम करणाऱ्याची."

मी हातातली पर्स घट्ट धरली. नाहीतर ती त्याच्या डोक्यात गेली असती.

"त्या मिठागरवाल्याचं नाव बाबाजी," मी म्हणाले. "जन्मभर डोक्यावरनं मिठाच्या पाट्या वाहिल्या त्यानं. आता कंबर धरलीय. डॉक्टरनं सांगितलंय, वजन उचललं तर कायमचे झोपाल. गेल्या वर्षी काम सोडलं. आता तुमच्या गार-गरम गादीसाठी दिवाळीनंतर परत पाट्या उचलणार हाय. कालच मुकादमाला शब्द देऊन आला."

"तुम्हाला... कसं माहीत?"

"ती मुलगी मी. नूतन."

अष्टमीला मी मावशीकडे जायला उतरले तेव्हा तो उशी पोटाशी धरून तसाच बसला होता. त्याच्याच दुकानासमोर गाडी उभी होती आणि त्याला उतरायचं भान नव्हतं.

आंदण म्हणजे लेकीला हौसेनं द्यायचं ते. हंडा, कळशी, ऐपत असली तर कपाट. जे मागून घेतात त्याला दुसरं नाव आहे, पण आमच्याकडे ते कुणी तोंडावर घेत नाही. मुलाची आई हसत म्हणते, "आमचं काय मागणं नाय हो, पोरीच्या सुखासाठी काय द्यायचं ते द्या," आणि मग पोरीच्या सुखाची यादी सांगते. मला त्या यादीचा संताप होता. त्याहून जास्त संताप याचा, की बाबा स्वतः जमिनीवर गोधडी टाकून झोपत होते आणि उठताना भिंत धरत होते. त्यांची कंबर मोडून आलेल्या गादीवर मी सुखानं झोपायचं होतं. पण बाबांनी शब्द दिला होता, आणि त्यांच्या शब्दापुढं बोलायची मला सवय नव्हती.

चार दिवसांनी जितेश घरी आला. टाय नव्हता. आंदणातल्या पलंगाचं माप घ्यायला आलो म्हणाला.

बाबा गोधडीवर पडले होते. पाहुणा आला म्हणून भिंतीला हात लावून, दात आवळून उठले. "बस रे पोरा. रंभे, पाणी दे त्याला." आई आत पाण्याला गेली. मग त्याच्याजवळ सरकून बाबा हळूच म्हणाले, "चांगली मऊ हाय ना रे गादी? माझी पोरगी सुखात झोपली पायजे."

जितेशच्या हातातली टेप खाली पडली. उचलून त्यानं माप घेतलं, पण लिहिलं नाही. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. सोडायला कसली, भांडायला.

"मी धोंडुबाईंना सांगतो गादी संपली म्हणून," तो म्हणाला.

"मग त्या फ्रीज मागतील. फ्रीज संपला तर स्कूटर. तुम्ही उशा दाबायला देऊन त्यांच्या हाताला चटक लावलीय."

"मग तुम्हीच नाय म्हणा."

"बाबांनी शब्द दिलाय."

"शब्द त्यांनी दिला. संसार तुम्हाला करायचाय."

"वा," मी म्हणाले. "आधी आग लावायची आणि मग बादली घेऊन यायचं. मला शिकवू नका तुम्ही."

तो गेला. बरं झालं, असं मी रात्री जेवताना आईला सांगितलं. आईनं विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. पुन्हा माप घ्यायला. त्या वेळी बाबा विहिरीकडे कळशी घेऊन निघाले होते. ह्यानं त्यांच्या हातातली कळशी घेतली, पाणी भरून आणलं, पिंप भरेपर्यंत खेपा घातल्या, आणि मग टेप काढली.

"पलंग काय दर आठवड्याला वाढतो?" मी विचारलं.

"पलंग नाय वाढत."

"मग काय वाढतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं... आणि टेप गुंडाळत बसला. सरळ गुंडाळलेली टेप उलगडून पुन्हा गुंडाळली. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. ह्या माणसामुळे माझे बाबा पाट्या उचलणार होते, आणि मी त्याच्या ओल्या बाह्यांकडे काय बघत बसले होते?

साखरपुड्याच्या आधी गादी बघायची, असं धोंडुबाईंनी कळवलं. घेतल्यावर पस्तावा नको म्हणे. दुकानातून दाखवण्यासाठी गादी आणायचं ठरलं. त्या दिवशी सकाळीच जितेश टेंपोतून ती घेऊन आला. त्यानं आणि टेंपोवाल्यानं धरून दारासमोरच्या खळ्यात उतरवली. ही एवढी जाड, वर फुलांचं कव्हर, कडेला वायर आणि बटणाचा डबा.

मे संपत आला होता. मिरगाच्या आधी घरातल्या सगळ्या गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं त्याच सकाळी सगळं अंथरूण खळ्यात टाकलं होतं. तिनं नव्या गादीकडे बघितलं आणि पदर खोचला.

"हिला पण टाक गो उन्हात. टेंपोतून आलीय, कुणाकुणाचे ढेकूण असतील."

जितेशनं तोंड उघडलं. मग मिटलं.

आईनं गादी बडवायला काठी घेतली. मी ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि बडवायला लागले. पहिली काठी धोंडुबाईंच्या नावानं. दुसरी त्या यादीच्या. तिसरी टाय घालून उशी विकणाऱ्याच्या. मग मोजल्या नाहीत. घाम डोळ्यांत गेला, वेणी सुटली, आई म्हणाली, पुरे गो, फाटेल ती. जितेश टेंपोला टेकून नुसता बघत होता. मदत नाही, बोलणं नाही. ठोंब्या कुठला, असं मला वाटलं.

दुपारी चढत्या उन्हात पाहुणे आले. धोंडुबाई कडक इस्त्रीच्या साडीत, मागं मिथुन. गादी घाईघाईनं उचलून पलंगावर टाकली. हाताला तव्यासारखी लागत होती. जितेशनं वायर लावली, आणि त्याच वेळी लाईट गेली. मिथुन तरीही बटण दाबत राहिला. एकदा गार, एकदा गरम. तो घरात असेपर्यंत मी त्याचा आवाज ऐकला तो एवढाच, टक् टक्.

"बघू तरी," म्हणत धोंडुबाई बसल्या.

बसल्या, आणि खाली गेल्या. आमच्या खाडीच्या चिखलात पाय टाकला की जसा जातो, तशा सावकाश गेल्या. उन्हानं ती गादी पार ढेपाळली होती. धोंडुबाईंनी उठायला हात टेकले, तर हातही आत गेले. "अगो बाय... अरे मिथुन..." मिथुन बटणापाशीच. मला हसू फुटणार तोच बाबा पुढं झाले. घरी आलेल्या पाहुणीला अडचणीत कसं ठेवायचं? ते वाकले, दोन्ही हात दिले आणि ओढलं.

धोंडुबाई उठल्या. बाबा नाही उठले. वाकलेले तसेच राहिले, चेहरा पांढरा पडला. मी आणि जितेशनं धरून त्यांना गोधडीवर आडवं केलं.

आणि धोंडुबाई साडीच्या निऱ्या झटकत म्हणाल्या, "ही नको. ही फारच मऊ हाय. याच्यावरची असंल तर ती सांगा."

माझ्या आत काहीतरी तुटलं. भीती असावी बहुतेक, कारण तिच्यानंतर काही भीती वाटली नाही.

"याच्यावरची नाय," मी म्हणाले. "याच्याखालची पण नाय. माझा बाप तुमच्या पायाशी पडलाय आणि तुम्ही गादी बघताय? मला हे लग्न करायचं नाय."

"पोरी," बाबा खालून कळवळत म्हणाले, "मी शब्द दिलाय गो..."

"तुम्ही दिलात बाबा. मी परत घेते. राग माझ्यावर काढा, पण मिठागरावर तुम्ही जाणार नाय."

धोंडुबाई खूप बोलल्या. पोरीला वळण नाय, जीभ बघा केवढी, रोह्यात मुलींची काय कमी हाय. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. मिथुन जाताना माझ्याकडे न बघता गादीकडे बघत गेला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधत होती. शेक देताना ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस." बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण माझा हात घट्ट धरला.

बाबांना डोळा लागल्यावर मी बाहेर आले. जितेश गादी टेंपोत चढवून दोर बांधत होता. त्याच्याकडे बघता बघता सकाळचं त्याचं उघडलेलं तोंड मला आठवलं.

"ही गादी उन्हात टाकायची नसते. होय ना?"

त्याचा हात थांबला. "नाय टाकायची. पहिलं तेच शिकवतात आम्हाला. तापली की ढिली पडते."

"मग बोलला का नाहीस?" माझं 'तुम्ही' कुठं गेलं ते मला कळलंही नाही.

"बोलणार होतो. मग तू काठी घेतलीस." तो दोराकडे बघत होता. "तुझा तो राग बघितला आणि वाटलं... लागू दे ऊन. त्यांना नाय आवडली तर नाय आवडली. मला ते लग्न नको होतं, नूतन. पयल्या दिवसापासनं नको होतं. एसटीत तू उठली नाहीस ना, तेव्हापासनं."

खाडीवरून वारा आला. माझे डोळे भरून आले होते आणि अंगात संताप उसळत होता, दोन्ही एकदम.

"आणि बाबांची कंबर? तुझ्या गप्प बसण्यानं गेली ती."

"व्हय," तो म्हणाला. सबब नाही, काही नाही. "ते वाकतील असं मनात आलं नाय. उद्यापासून रोज येतो. पाणी भरतो, डॉक्टरकडं नेतो, तू हाकललंस तरी येतो. दुकान सोडतोय मी. मुलाच्या आयांना उशा दाबायला देणं आता व्हायचं नाय माझ्याच्यानं."

"एक नीट ऐक," मी म्हणाले. "तुला वाटत असेल तुझ्या गादीनं माझं लग्न मोडलं. गादीनं नाय मोडलं. मी मोडलं."

"ते मी बघितलं."

"आणि मी तुझ्यावर चिडलेय. खूप दिवस चिडलेली राहणार."

"चालंल."

"किती दिवस चालेल?"

"तू सांगशील तेवढे," तो म्हणाला, आणि आता कुठं त्यानं वर बघितलं. त्या बघण्यानं माझा निम्मा राग गेला. उरलेला मी मुद्दाम धरून ठेवला.

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. जितेश चढला, पण दार ओढेना. काहीतरी विचारायचं होतं त्याला आणि धीर होत नव्हता. सकाळी तोंड मिटून माझं लग्न मोडायला निघालेला माणूस हा, आणि आता साधा प्रश्न विचारता येईना. शेवटी मीच टेंपोचं दार धरलं.

"बाबांना विचारायला कधी यायचं ते बाबा उठून बसले की सांगेन," मी म्हणाले. "आणि येशील तेव्हा हात हलवत ये. जाशील तेव्हा पण हात हलवतच जायचं. आमच्या घरातून फक्त मी मिळेन."